सुजाताच्या कॅसेटची ए बाजू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ग्रुपवरच्या मित्रांजवळ नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

आधी माझा नाद सांगतो. वेळ काढतोय, हे मलाही कळतंय — पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी जुने घरगुती कॉम्प्युटर जमवतो. टीव्हीला जोडायचे, कीबोर्डाच्या पोटातच सगळं मशीन असलेले, कुणीतरी कधीकाळी परदेशातून बॅगेत घालून आणलेले. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत असे एकोणीस आहेत. बहुतेक सगळे ऑनलाइन लिलावात बोली लावून मिळवलेले. बायको म्हणते, "अहो, भंगारवाला दारात आला तर आधी तुम्हालाच नमस्कार करील." तिचं काही चुकत नाही. वाळूजच्या कंपनीत दिवसभर मेंटेनन्स करून घरी येतो आणि पुन्हा पेचकसच हातात घेतो. आणि लिलावाचं काय सांगू? शेवटच्या दोन-चार मिनिटांत मी माणसांत नसतो. समोर ताट असो, पाहुणे असोत, डोळे मोबाईलमध्ये.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात रबरी बटणांचं एक मशीन दिसलं. आपल्याकडे आता शोधूनही न मिळणारं. आणि विकणारा कुठला? लासूर स्टेशनचा, आमच्यापासून तासाभरावरचा! मी ते जिंकलो, आणि कुरिअरवाल्यांनी आदळआपट करायला नको म्हणून स्वतःच गाडी काढून गेलो.

ते घर साळवे सरांचं. गणिताचे निवृत्त मास्तर. लिलावात मशीन टाकलं होतं त्यांच्या भाच्यानं; सरांना त्यातलं काही कळत नव्हतं. मशीन होतं सुजाताचं — त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं. मामानं आखातातून आणून दिलेलं. पंधराव्या वर्षी ती त्यावर स्वतः प्रोग्राम लिहायची. सतराव्या वर्षी काविळीनं गेली.

मशीनसोबत एक कॅसेट होती. साधी, गाण्याची असते तशी. त्या काळी प्रोग्राम अशा कॅसेटवरच साठवायचे — किर्रर्र अशा आवाजाच्या रूपात. कुठला प्रोग्राम कुठं आहे हे नंतर सापडावं म्हणून मुलं आधी टेपरेकॉर्डरमध्ये तोंडानं नाव बोलायची आणि मग तो किर्रर्र भरायची. सुजातानंही तसंच केलं होतं. म्हणजे त्या कॅसेटवर तिचा आवाज होता. आणि दुसरा कुठंच नव्हता.

"मशीन न्या तुम्ही," सर म्हणाले. "पण एवढं करा — यातला पोरीचा आवाज मोबाईलवर काढून द्या. आमचा टेप कवाच बिघडला, अन् दुकानदाराला द्यायचं धाडस व्हईना. त्यानं गुंतवलीबिंतवली तर?"

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लई वर्सं झाली ऐकून. आवाज इसरत चालले मी."

काळजीच करू नका, असं मी म्हणालो. अगदी ठासून म्हणालो.

पुढच्या रविवारी दुपारी मशीन टीव्हीला जोडलं आणि कॅसेट लावली. "प्रोग्राम नंबर एक. पाढे. लिहिणार, सुजाता साळवे." रेडिओवर बातम्या द्याव्यात इतक्या गंभीरपणे! मला हसू आलं. फार गोड वाटलं ते — खरंच. तेव्हाच मोबाईलवर तो आवाज घ्यायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं? दहा? पण मोबाईलवर दुसऱ्या एका मशीनचा लिलाव संपत आला होता. म्हटलं, तो उरकू दे, मग घेऊ. तोवर मशीन तपासून टाकू.

तपासायची आम्हा लोकांची एक पद्धत आहे. मशीननं प्रोग्राम कॅसेटवर भरून दाखवला आणि परत वाचून दाखवला, तरच ते चालू मशीन. ग्रुपवर तसा व्हिडिओ टाकला की लोक मानतात. कॅसेटची बी बाजू कोरी होती. ती वापरायची म्हणून मी कॅसेट बाहेर काढली. तेवढ्यात मोबाईल वाजला — कुणीतरी माझ्या वर बोली लावली होती. मी कॅसेट उलटायचं विसरलो आणि तशीच आत घातली. गुंडाळून सुरुवातीला नेली. रेकॉर्डचं बटण दाबलं. आणि डोळे मोबाईलमध्ये.

भरणं अर्ध्या मिनिटात संपलं असणार. टेप मात्र फिरत राहिली. पुढं पुढं, एकेक प्रोग्राम पुसत.

तो लिलाव मी जिंकलो. आनंदानं मांडीवर थाप मारली, हेही आठवतं.

त्यानंतर लासूरला जायला मी महिना लावला. रस्ताभर खरं सांगायची वाक्यं जुळवत होतो — जुळलीही होती. सरांनी जय भीम म्हणून आत घेतलं. काकूंनी हात पुसत जवळ खुर्ची ओढली, ऐकायला. आणि माझ्या तोंडून निघालं, टेप खराब झाली होती, त्यावर काहीच उरलं नव्हतं.

सर म्हणाले, "मीच ठेवली व्हती वर, पत्र्याखाली. उन्हाळ्यात लई तापतो पत्रा. त्यानंच झालं असंल?"

त्यांना नाही म्हणायला हवं होतं, एवढंच. मी म्हणालो, "उष्णतेनं होतं तसं, सर."

काकूंनी सरांकडे पाहिलं. ती नजर मी सहा वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय. त्या उठून आत गेल्या. आणि मी — तुम्हाला पटेल? — मी समोर ठेवलेला चहा पूर्ण प्यालो.

सर गेल्या वर्षी गेले. पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो, शेवटच्या रांगेत बसलो. निघताना काकू म्हणाल्या, "लई लावून घेतलं व्हतं त्यांनी त्या कॅसेटचं. मीच बोलले व्हते तवा — तुमच्या हातानं पोरगी दुसऱ्यांदा गेली म्हणून. बोलायला नको व्हतं."

मी मान हलवली. दुसरं काही केलं नाही.

अजून एक आहे. ते लपवलं तर इतकं सांगूनही मी खोटाच. टेप सगळी पुसली गेली नव्हती. त्या दिवशी मी भानावर येऊन बटण बंद केलं, त्याच्या थोडं पुढं, शेवटच्या प्रोग्रामच्या आधीचं एक वाक्य उरलंय. मागं कुठंतरी भांडं वाजतं, आणि सुजाता म्हणते, "आई, थांब ना गं, एवढं झालं की आलेच." मग किर्रर्र सुरू होतो. ते मी लासूरला नेलं नाही, कारण मास्तर होते ते — टेप पत्र्याखाली तापून खराब झाली तर शेवटचं एकच वाक्य इतकं स्वच्छ कसं राहिलं, हे त्यांनी विचारलं असतं. आता विचारणारं कुणी नाही, तरीही नेलेलं नाही.

मोबाईलवर तेवढं मात्र मी काढून घेतलंय. बायको बाहेर गेली की कधीमधी लावतो. काकू अजून लासूरलाच असतात. पोरगी त्यांना हाक मारते, आणि ऐकतो मी.