सतरा नंबरची दहावी

मागच्या मंगळवारी भर दुपारी, बेसा भागातल्या आमच्या इस्त्रीवालीची दहावी शिक्षणाच्या सर्वेक्षणातून गायब झाली.

तिची टपरी नव्या फ्लॅटांच्या सावलीत आहे. कपड्यावर पाणी शिंपडलं की वाफ उठते, आणि ती त्या वाफेकडे बघत हरवते. काही विचारा, उत्तर फार लांबून आल्यासारखं येतं, बहुधा आपण दुसरा प्रश्न विचारल्यावर. इस्त्री शर्टाच्या कॉलरपाशी आली की तेवढी जागी होते.

त्या दुपारी मोजणीवाला टपरीवर आला. "हिचं शिक्षण?"

शेजारी बसलेल्या सासूनं परस्पर सांगितलं, "नववी लिहा गा. तेव्हाच सुटली तिची शाळा."

त्यानं लिहूनही टाकलं. मग सावकाश वाफेतून आवाज आला, "दहावी पास आहो मी, भाऊ. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षा दिली."

"रेग्युलर नाही न? मग शाळा सुटलेलीच धरतो."

सासू हसली. "इस्त्री कर वं, मास्तरीणबाई!"

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. माझ्यासारखं गिऱ्हाईक समोर उभं असताना असं तिनं कधी केलं नव्हतं.

"मंग मले मोजूच नोका."

त्यानं नववीच ठेवली. अशाच नोंदी दाखवून उद्या सरकारी लोक म्हणतील, इथं बाहेरून कोणी पास होत नाही, अशा परीक्षेची तयारी करून घेणारा वस्तीतला संध्याकाळचा वर्ग बंद करा.

तुमच्या दारी मोजणीवाला आला तर सुनेला बाहेर बोलवा. तिचं शिक्षण तिलाच सांगू द्या, आणि तो ते लिहीपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.