दगडताईंचं गप्प बसणं

खाणीच्या शेडमध्ये बसून, बोअरिंगमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या खोक्यांत ओळीनं लावायच्या आणि कुठल्या कांडीत तांबं किती ते लिहायचं, हे काम बावीस वर्षं करणाऱ्या बाईंना सगळे दगडताई म्हणत. धाकट्या बहिणीनं शिवणकामातून साठवलेले पैसे त्याच खाणीच्या शेअर्समध्ये घातले, ते ताईंच्या शब्दावर. "खाण चांगली आहे गं, डोळे झाकून घे," असं त्या बोलून गेल्या होत्या.

एका सकाळी शेडमधल्या रेडिओवर बातमी आली, सरकार तांब्यावरची रॉयल्टी जवळजवळ दुप्पट करणार. रॉयल्टी नफ्यावर नसते, विकलेल्या मालावर असते. कंपनीला चार पैसे सुटोत न सुटोत, सरकारचा वाटा आधी. उत्तरेकडचा दगड तांब्यानं भरलेला, तो हे ओझं पेलेल. पण दक्षिणेकडच्या नव्या भागातला दगड मुळातच फिका. तो आता खणणंच परवडणार नव्हतं. समोरच्या खोक्यांत ते लख्ख दिसत होतं आणि कंपनीनं ते आकडे अजून बाहेर सांगितले नव्हते.

दुपारी बहिणीचा फोन आला.

"ताई, भाव घसरतोय. विकू का?"

ताईंनी ओठांवर आलेलं गिळलं. आतली माहिती घरच्यांना दिली तर नोकरी जाणार, वर खटला. नाही दिली, तर सख्ख्या बहिणीचं नुकसान उघड्या डोळ्यांनी बघायचं.

"मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू? घेताना तूच म्हणालीस ना?"

ताईंनी फोन ठेवला आणि तडक मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. "दक्षिणेचे आकडे कधी जाहीर करणार?"

"रॉयल्टी थोडी खाली येतेय का, ते बघू."

"तोवर लोक अंधारातच शेअर्स घेत राहणार."

ताईंनी दक्षिणेच्या आकड्यांचा अहवाल लिहिला, सही केली, एक प्रत मुख्य कचेरीला धाडली.

नवव्या दिवशी कंपनीनं आकडे जाहीर केले. तासाभरात भाव एक तृतीयांशानं कोसळला. ताई धावतपळत बहिणीच्या दुकानात पोचल्या. ती शांतपणे काज करत होती.

"मी त्याच दिवशी सगळे विकले. तू कधी गप्प बसतेस का? तू गप्प झालीस तेव्हाच कळलं."

सुटले म्हणावं, तर ताईंच्या मनात दुसरंच आलं. एक शब्द न बोलता आपण सांगूनच बसलो की काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून कचेरीत सगळं लिहून दिलं. चौकशी चार महिने चालली. त्यांनी काही सांगितल्याचा पुरावा मिळाला नाही, नोकरी राहिली. पुढे रॉयल्टी थोडी कमी ठरली, तरी दक्षिणेचा भाग कुणी खणला नाही. कचेरीचा शिपाई कागद घेऊन दारात दिसला, की ताई मात्र आजही हातातली कांडी खाली ठेवून आधी कागदावरचं नाव वाचतात.