झेंडेवाले आजोबा

जर्मनीतल्या एश्बॉर्नजवळच्या आमच्या गावठी फुटबॉल क्लबात एक आजोबा आहेत. आवाज असा, की त्यांनी नुसतं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हटलं की पलीकडच्या गावातल्या गाई पान्हा चोरतात. क्लबचा इतिहास ते दर रविवारी सांगतात आणि दर रविवारी तो वाढतो. त्यांच्या आजोबांनी म्हणे पेनल्टी टोपीत झेलली होती. गेल्या रविवारपासून त्या टोपीत अंडीही आहेत, आणि एकही फुटलेलं नाही.

आमच्या खालच्या लीगमध्ये रेषेवरचा झेंडा क्लबचाच माणूस धरतो. म्हणजे हेच. परवाची मॅच जिंकलो नाही, तर क्लब शेजारच्या गावच्या क्लबात विलीन होणार, नाव कायमचं पुसलं जाणार, हे ठरलेलं. बरोबरी चालू होती. मैदान इतकं चिडीचूप, की सॉसेजवाल्याच्या तव्यावरचं तेलही तडतडायचं थांबलं. शेवटच्या क्षणी आमच्या विंगरने कडेने बॉल काढला, पास दिला, गोल! मी एका अनोळखी जर्मन आजींना मिठीच मारली.

आणि पाहतो तर आजोबांचा झेंडा वर. पासच्या आधीच बॉल रेषेबाहेर गेला होता. गोल रद्द झाला आणि मॅच संपली.

"वेड लागलंय का तुला?" कॅप्टन त्यांच्या अंगावर धावला. "क्लब बुडवलास!"

आजोबांचा झेंडा काही खाली येईना.

"अहो, रेफरीला दिसलंच नव्हतं," मी कुजबुजलो.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण मला दिसलं होतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "बाकीच्या थापा मला वारशाने मिळाल्यात, पोरा. ही माझी स्वतःची झाली असती."