शेवटच्या पानावरच्या बादल्या

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा चहा गार व्हायच्या आत सांगूनच टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कळमेश्वरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता. कोबोलमध्ये प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघंच, मी आणि वंदनाबाई. दोघांतल्या एकाला इन्चार्ज करणार, असं मोठ्या साहेबांनी सांगून ठेवलेलं.

काम काय, तर शिल्लक मालाची यादी पडद्यावर दाखवायची. माझी यादी सुरू झाली की जी सरसर वर पळायची, ती शेवटालाच थांबायची. वंदनाबाईंची मात्र पडदा भरला की थांबे, बटण दाबलं की पुढचं पान दाखवी. सगळं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती. स्टोअरकीपर तर माझ्यादेखत म्हणाला, "बाई, तुमची यादी वाचाले येते. भाऊची पाहाले मोटारसायकल लागते."

जळलो हो मी. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी डबासुद्धा गोड लागला नाही.

मग काय केलं असेल मी? येता-जाता त्यांच्या मागे उभा राहिलो, पडदा डोळ्यांत साठवला आणि हुबेहूब तस्साच केला. तेच मथळे, तेच रकाने, तेच पानापानाला थांबणं. पहिली दोन पानं झकास आली. पुढचं कोण बघत बसतो? प्रोग्राम साहेबांकडे देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. बघतो तर मशीनवर वंदनाबाई बसलेल्या. म्हणजे यादी त्यांचीच, नाही का? शेवटचं पान लागलेलं. वर दोन ओळी परातींच्या, तिथे यादी संपायला हवी होती. पण खाली मागच्या पानावरच्या बादल्या तशाच ठाण मांडून.

माझ्या जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू.

"या बादल्या पुन्हा काहून दिसून राहिल्या?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, नवं पान लिहायच्या आधी जुनं पुसावं लागते. लिहिणाऱ्यानं पुसलंच नाही."

"भाऊ, जाऊ द्या ना," वंदनाबाई हळूच म्हणाल्या.

ओशाळल्या वाटतं बाई! मग तर मला चेवच चढला.

"कसं जाऊ देऊ? उद्या स्टोअरवाला नसलेल्या बादल्या विकून बसन. साहेब, अशा माणसाच्या हाती डिपार्टमेंट देऊ नका. दुसऱ्याचं पाहून लिहिलं की असंच होते."

"नक्कल आहे म्हणता?"

"साफ दिसून राहिलं, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. "वंदनाबाई, आता तुमची यादी लावा बरं."

त्यांनी लावली. शेवटच्या पानावर दोन ओळी पराती आणि खाली कोरा पडदा. नक्कल इतकी हुबेहूब साधली होती की माझी यादी मलाच ओळखू आली नव्हती.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी माझा सल्ला तंतोतंत मानला, असं एकदाच झालं. वंदनाबाई त्याच संध्याकाळी इन्चार्ज झाल्या.