मुठीचा तांदूळ

मालूची चूक एकच झाली. पिंप तिने देवळात ठेवलं.

कासू स्टेशनाच्या पल्याडच्या त्या गावात मुठीची रीत तिनेच पाडली. बाईने भाताला तांदूळ काढले, की त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची. डोंगराखालच्या वाडीतल्या माणसांचे पावसाळ्यात हाल असतात. वीटभट्ट्या बंद, आणि ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या अंगणवाडीची वाटही बंद. मागच्या पावसाळ्यात वाडीतली चिमुरडी बायजा मालूच्या पडवीत भुकेने भोवळ येऊन पडली, तेव्हा मालूने पदर खोचला. धाकटी जाऊ रोहिणी सोबतीला. दोघी दारोदार फिरून तांदूळ गोळा करायच्या आणि पडवीत वाडीच्या पोरांची पंगत बसवायच्या. भात आणि वालाचं बिरडं.

पिंप घरात ठेवलं असतं, तर लोक म्हणाले असते मालूच खाते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! म्हणून ते देवळात, आणि त्याची किल्ली तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. देवाच्या डोळ्यांदेखत कोण हात घालील, असं तिला वाटलं. भोळी बिचारी!

श्रावणात सप्ताह बसला. मालूची आई आजारी पडली, म्हणून ती गागोद्याला माहेरी गेली. परत आली तेव्हा सप्ताह उठला होता. दुसऱ्या दिवशी पोरं पडवीत येऊन बसली, नि ती किल्ली घेऊन देवळात गेली. झाकण उघडलं. आत तळाला चार दाणे चिकटलेले.

तिचा आधी विश्वासच बसेना. पिंप कलतं करून पाहिलं, आत हात फिरवला. मग तशीच घरी आली.

हैबतराव, तिचा नवरा, देवळाच्या कमिटीचा पुढारी. ओटीवर पान लावत बसला होता.

"किल्ली तुमी काढलीत?"

"भंडाऱ्याला तांदूळ कमी पडले. रोह्याची भजनी मंडळी आलेली, गावाची लाज जायची का? आन् देवापुढं ठेवलेलं देवाचंच गो. वाडीच्या पोरांनापण वाढलं की, शेवटच्या पंगतीला."

"एक जेवण वाढलंत, आन् पाऊस सरेपर्यंतचं खाऊन बसलात!"

दारात रोहिणी उभी होती. भंडाऱ्याचा भात तिनेच रांधला होता.

"दादा बोलले, ताय. मी काय करणार व्हते?"

"नाय म्हणायचं व्हतंस. माझ्यासंगं दारोदार फिरलीस ना तू?"

मालूला रडू फुटलं. परक्याने लुटलं असतं तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. इथे घरच्याच माणसाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि सख्ख्या जावेने चूल पेटवली. सांगायचं कुणाला?

बाहेर बायजा ताटली वाजवत होती. मालूने डोळे पुसले, घरच्या डब्यात होते नव्हते तेवढे तांदूळ धुतले आणि पोरांना पोटभर वाढलं. उद्या काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

रात्री हैबतराव हातपाय धुऊन पाटावर बसला. मालूने पुढ्यात ताट ठेवलं. ताटात पिंपाची किल्ली होती.

"भात कुठं हाय?"

"देवळात बघा. घरातला पोरांनी खाल्ला."