भुईमूग राखायला घेतलेली रायफल

चाकणच्या स्टँडवरच्या हॉटेलात एक शेतकरी रोज आपली नवी कोरी रायफल घेऊन यायचा. रानडुकरं भुईमूग खातात म्हणून त्यानं परवाना काढून ती घेतली होती. चहा येईपर्यंत धोतराच्या सोग्यानं नळी पुसायचा, मग बोल्ट मागं ओढून सगळ्यांना आवाज ऐकवायचा. लोक बाकावर जागा करून देत.

एका संध्याकाळी त्यानं मला हौसेनं शेतावर नेलं. डुकरं आली. यानं रायफल घोंगडीखाली झाकली आणि ओरडत दगड मारायला लागला. डुकरं निवांत खात राहिली.

"अहो, गोळी घाला की!" मी म्हणालो.

"खुळं का काय मास्तर? नवी हाय, नळी काळी व्हईल."

सकाळी निम्मा भुईमूग गेलेला. तो मात्र हॉटेलात खुशीत सांगत होता, "रान उकरलं, पर बंदुकीला साधा वरखडा न्हाई!"