सोळा किलो आणि लाडवांचा डबा

मी मुळात काळजी करणारी बाई आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं सिंगापूरमधलं काम, आणि ऑफिस सुटलं तरी ते डोक्यातून सुटत नाही. गॅस बंद केला का, पासपोर्ट त्याच कप्प्यात आहे का, हे मी घरातल्या प्रत्येकाला दोनदा विचारते. त्यामुळे पाठीवर सोळा किलो वजन घेऊन वाळवंटात बेचाळीस किलोमीटर चालायला जायचं ठरवलंय असं मी सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने, अभयने, आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हे सगळं झालं लिटामुळे. लिटा ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते. फिलिपिन्समधल्या पांपांगाची, वय सत्तावन्न, गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. अलेक्झांड्रा भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना एकदा तिने मला तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक होते आणि शरणागतीनंतर कैदी झाले. हजारो कैद्यांना भर उन्हाळ्यात, अन्नपाण्यावाचून, कित्येक दिवस पायी चालवत नेलं. वाटेतल्या गावांमधली माणसं लपूनछपून त्यांच्याकडे खाणं फेकायची. लिटाची आजी तेव्हा गरोदर होती. केळीच्या पानात भाताची पुडी बांधून ती दोन दिवस रस्त्याच्या कडेला उभी राहिली. नवरा दिसलाही, पण मध्ये पहारेकरी होता. पुडी तिच्या हातातच राहिली. आजोबा परत आले नाहीत, आणि पोटातली मुलगी म्हणजे लिटाची आई.

त्या कैद्यांमध्ये अमेरिकन सैनिकही होते, त्यातले बरेच न्यू मेक्सिको राज्यातले. म्हणून तिथल्या वाळवंटात दरवर्षी मार्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ ही मॅरेथॉन होते. धावणारे धावतात, बाकीचे चालतात. ज्यांना वजनाच्या गटात जायचं असतं ते पाठीवर सोळा किलो घेऊन जातात. बहुतेक जण तांदूळ किंवा शेंगा-कडधान्यं नेतात, कारण शेवटी ते गरिबांसाठीच्या अन्नछत्राला देता येतं. लिटाच्या आईला हे कळलं आणि तिने एकच गोष्ट मागितली: या वेळी भात पोचू दे, पूर्ण, मूठभरही कमी नको. आई ऐंशीच्या पुढे आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं लिटा म्हणू शकत नव्हती.

एकटी जाऊ नकोस, असं मी म्हणाले. त्याचा अर्थ मीही येते असा होतो, हे मला बोलून झाल्यावर समजलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: निदान पाच महिने आधी तयारी सुरू करा. सिंगापूरमध्ये वाळवंटाचा सराव करणं हा एक विनोदच आहे. आम्ही क्वीन्सटाउनवरून जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेवर रविवारी पहाटे चालायचो आणि तासाभरात कपडे पिळून काढावे लागायचे. वाळूसाठी ईस्ट कोस्टचा किनारा, चढासाठी माझ्या ब्लॉकचे सतरा मजले. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या चिनी काकूंनी माझ्या पाठीवरून डोकावणारी तांदळाची पिशवी महिनाभर पाहिली आणि शेवटी विचारलं, “एव्हरी डे बाय राइस, आह? युअर फॅमिली हाऊ बिग?”

निघायच्या आदल्या रविवारी मी डिंक-मेथीचे चोवीस लाडू केले. दोन स्टीलचे डबे, प्रत्येकीला बारा. डिंक, खारीक, तूप, सगळं ताकदीचं. लिटाने वास घेतला, ‘औषध आहे का’ असं विचारलं आणि डबा बॅगेत ठेवला.

विमानप्रवास जवळजवळ पूर्ण एका दिवसाचा. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचे पदार्थ फॉर्मवर खरे लिहा, लपवू नका. मी लिहिले, तरीही अधिकाऱ्याने डबा उघडला. त्याने एक लाडू दिव्यापुढे धरून पाहिला, परत ठेवला आणि जायला सांगितलं. पुढे एल पासोला उतरून भाड्याची गाडी घेतली. तासाभरावर लास क्रूसेस हे गाव आहे. मार्चच्या त्या आठवड्यात तिथली मोटेलं भरलेली असतात, दरही चढे असतात, तेव्हा खोली आधीच घ्या. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आणि लांबवर दातेरी डोंगर. इतकं मोकळं आकाश बघायची आम्हा सिंगापूरकरांना सवय नाही. मला तर ते बघून धास्तीच वाटली. जेवायला गेलो तिथे बाईने विचारलं, मिरची लाल हवी की हिरवी. मी हिरवी घेतली. आपल्या ठेच्याची आठवण आली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तांदूळ तिथल्याच दुकानातून घेतला. मग मोटेलच्या खोलीत मी माझा सामान तोलायचा हातकाटा काढला. पुण्याला जाताना तेवीस किलोचं गणित ग्रॅमवर जमवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. तांदळाच्या तीन पिशव्या, बॅगेचं स्वतःचं वजन आणि लाडवांचा डबा. दोन्ही बॅगा सोळा किलोच्या जेमतेम वर. पाण्याच्या बाटल्या धरायच्या नाहीत हे नियमात होतं, म्हणून त्या मी वेगळ्या ठेवल्या. शेवटी पुन्हा वजन होतं आणि कमी भरलं तर वजनाच्या गटातून नाव निघतं, हेही मी तीनदा वाचलं होतं. लिटाने विचारलं, ठीक आहे ना सगळं? मी छातीठोकपणे हो म्हणाले.

सुरुवात लष्कराच्या तळावरून होते. उजाडायच्या आत पोचावं लागतं आणि थंडी अशी की दात वाजतात. तिथे त्या कैद्यांपैकी काहींची नावं पुकारली. पुकारायचं, थांबायचं, उत्तर येत नाही, मग पुढचं नाव. हजारो माणसं उभी होती आणि बुटाचाही आवाज नव्हता. लिटाने आजोबांचं नाव कागदावर लिहून पाठीला लावलं होतं. ते नाव तिथे कुणी पुकारणार नव्हतं. पुकारणं संपल्यावर तिने ते स्वतःशीच हळू म्हटलं आणि आम्ही निघालो.

पहिले बारा-तेरा किलोमीटर बरे गेले. मग डांबरी रस्ता संपून माती सुरू झाली, चढ लागला आणि ऊन तापायला लागलं. दर काही मैलांवर पाणी आणि संत्र्याच्या फोडी देणारी ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर मी लाडू काढायचे. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, कृत्रिम पायावर चालणाऱ्या एका माजी सैनिकाला दोन दिले. तो म्हणाला, आयुष्यात इतकं कडू मिठाई प्रकरण खाल्लं नव्हतं, आणि तिसरा मागितला. लिटा मात्र संत्र्यावर भागवत होती. मी म्हणायचे खा, ती म्हणायची नंतर. तिच्या गुडघ्याचीच इतकी काळजी होती की मी फार जोर केला नाही.

तीस किलोमीटरच्या पुढे वाळूचा पट्टा आहे. त्याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. पाऊल घोट्यापर्यंत रुततं, वाऱ्याने वाळू दातांत जाते. मोजे दोन घाला आणि बुटांवर कापडी पट्टे बांधा, नाहीतर फोड ठरलेले. तिथे मी बसून बूट झाडत होते आणि आणखी एक लाडू काढला. डबा हलका लागला. आत तीनच उरले होते.

आणि मग मला कळलं. विमानात डबा भरलेला जातो आणि भरलेला उतरतो, म्हणून मी डब्याचं वजन धरायचे. इथे मी डबा खायला आणला होता. जे पोटात जाणार ते सोळा किलोत मोजलं होतं. माझ्या बॅगेत आणि लिटाच्याही. तिने संत्र्याबरोबर एखाददोन लाडू जरी खाल्ले असतील तरी तिची बॅग कमी भरणार. तिच्या आईने मूठभरही कमी नको म्हटलं होतं, आणि ती मूठ मी कमी केली होती.

मी रडायलाच लागले. लिटा घाबरली, तिला वाटलं मला काही होतंय. मी सगळं सांगितलं. माझी तांदळाची एक पिशवी तू घे, म्हणाले, माझं नाव गटातून गेलं तरी चालेल.

“नाही,” ती म्हणाली. “जे मी पहिल्यापासून उचललं नाही, ते मी आणलं असं मला सांगता येणार नाही.”

“आणि कमी भरलं तर?”

“तर मी आईला फोन करून खरं सांगेन. ऊठ, शुभा.”

पुढचे बारा किलोमीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. मार्ग साडेसहाला बंद होणार होता. लिटा लंगडत होती. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि डोक्यात आकडेमोड चालू होती: एक लाडू साठ-सत्तर ग्रॅम, दोन खाल्ले असतील तर काठावर, तीन असतील तर संपलं. विचारायची हिंमत झाली नाही. पाणी किती प्यायलीस, मीठ घेतलंस का, एवढंच विचारत राहिले.

सव्वासहाला आम्ही रेषा ओलांडली. काट्याजवळ एक पोक्त सैनिक बाई बसली होती. पाण्याच्या बाटल्या बाजूला काढून तिने आधी माझी बॅग ठेवली. अर्धा किलो कमी. तिने सॉरी म्हटलं आणि माझ्या नावावर काट मारली. मग लिटाची. मी दुसरीकडे बघत होते. बाई म्हणाली, सोळाच्या वर, अभिनंदन.

मला विश्वास बसेना. लिटाने बॅग उघडून डबा काढला आणि झाकण माझ्यापुढे उघडलं. बाराच्या बारा लाडू जागेवर होते.

“तू काहीच खाल्लं नाहीस?” मी ओरडलेच. “या उन्हात? वेडी आहेस का? मला सांगितलं का नाहीस?”

“आईने मूठभरही कमी नको म्हटलं होतं. सांगितलं असतं तर तू मला खायला लावलं असतंस.”

ते खरंच होतं. मला राग आला होता, आणि राग आलेला असतानाच मी तिला मिठी मारली. शेवटाजवळ एक कुंपण आहे, तिथे लोक आपापल्या माणसांची नावं लावतात. लिटाने पाठीवरचा कागद काढून तिथे बांधला आणि त्याखाली एक लाडू ठेवला. मी सवयीने आजूबाजूला कावळा शोधला. नव्हता, नुसता वारा होता. मग तिने आईला फोन लावला. तिकडे सकाळ उजाडली होती. आईने वजन विचारलं नाही, वेळही विचारली नाही. पलीकडून बारीक आवाजात एकच प्रश्न आला, आणि लिटाने डोळे पुसत “हो, मा” एवढंच उत्तर दिलं. आईने काय विचारलं, हे मी नंतर विचारलं. ‘माझे बाबा जेवले का’, असं विचारलं होतं.

तांदूळ आम्ही दोघींनी अन्नछत्राच्या पेटाऱ्यात ओतला. माझ्या पिशव्याही त्यांनी घेतल्या, अर्धा किलो कमी वगैरे कुणी बघितलं नाही.

परत येऊन आता सहा आठवडे झाले. पायाची दोन नखं काळी आहेत. प्रमाणपत्रावर वजनाचा उल्लेख नाही. ते फ्रिजवर चिकटवलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मीच कारण सांगते. चूक माझी होती, आणि मी शोधायच्या आधी ती लिटाने नकळत दुरुस्त केली होती. या विचाराने मला अजून घाम फुटतो. ती वाटेत चक्कर येऊन पडली असती तर, हा विचार वेगळाच.

मधल्या काळात लिटा उरलेले अकरा लाडू घेऊन पांपांगाला जाऊन आली. आईने रोज एक खाल्ला म्हणे, कडू आहेत अशी तक्रार करत करत. गेल्या सोमवारी तिने माझा स्टीलचा डबा माझ्या डेस्कवर ठेवला. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी तिला कधी बोलले नव्हते. तरी तो जड लागला. आत केळीच्या पानाच्या दोन पुड्या होत्या, सुतळीने घट्ट बांधलेल्या. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात. आईने स्वतः बसून बांधल्या, लिटा म्हणाली, ‘वाटेत जी बरोबर होती तिच्यासाठी’.

मी तिथेच, डेस्कवरच पुडी सोडली. पानाला चिकटलेलं शीतही ठेवलं नाही.